कीबोर्ड बाजूला ठेवून गेमपॅड घ्यावा का? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, पीसीवर गेम खेळायला गेमपॅड (दोन्ही हातांत धरायचा, बटणं आणि स्टिक असलेला कंट्रोलर) घेऊ का, घेतलाय पण चालत नाहीये, चालतोय पण मजा येत नाहीये. म्हणून बाकीचे प्रश्न (ग्राफिक कार्डवाले जरा थांबा, पुढच्या वेळी नक्की) बाजूला ठेवून सगळी जागा गेमपॅडलाच दिलीये.

प्रश्न : नमस्कार दादा. मी बार्शीचा, वय २९. शाळेत असताना मित्राच्या घरी क्रिकेट ०७ इतकं खेळलो की त्याच्या कीबोर्डवरचे ॲरो पुसून गेले होते. आता स्वतःचा पीसी घेतलाय, सेलमध्ये एक नवा क्रिकेट गेम घेतला आणि कीबोर्डवर काही केल्या बॅट बॉलला लागत नाही. मित्र म्हणतो गेमपॅड घे, बायको म्हणते पीसीवर आधीच एवढे घातलेत. खरंच गरज आहे का, की माझा सराव कमी पडतोय?

उत्तर : सराव कमी पडत नाहीये, तुमच्या हातात चुकीचं अवजार आहे. तुम्ही क्रिकेट ०७ चं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरू करतो. तो गेम २००६ च्या शेवटी आला आणि त्याची जाहिरात ज्या गोष्टीवर झाली ती होती सेंच्युरी स्टिक, म्हणजे पाय कुठे टाकायचा, शॉट कुठे मारायचा हे सगळं ॲनालॉग स्टिकने, म्हणजे अंगठ्याने हवी तिकडे हवी तेवढी ढकलता येणाऱ्या छोट्या दांडीने करायचं. आपल्याकडे ते कुणी बघितलंच नाही कारण गेमपॅड कुणाकडेच नव्हता, सायबर कॅफेत नाही, घरी नाही, मग आपण सगळे ॲरोने दिशा आणि एका बटणाने शॉट यावर वाढलो आणि तेच आपल्याला क्रिकेट वाटायला लागलं. म्हणजे ज्या गेमवर तुमचा हात बसलाय तोसुद्धा मुळात स्टिक डोळ्यासमोर ठेवून बनवलेला होता.

नंतर क्रिकेट ०७ वाल्या ईए कंपनीने क्रिकेट सोडलं आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने ते हातात घेतलं. त्यांचा डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ पीसीवर आला तेव्हा गेमपॅड लागायचाच, कीबोर्डवर खेळायची सोयच नव्हती. पुढचे क्रिकेट १९, क्रिकेट २२, क्रिकेट २४ हे सगळे त्याच विचाराचे. डाव्या स्टिकने पाय, उजव्या स्टिकने बॅट. बॉलर धावत येतोय, लेंग्थ बघून तुम्ही डावा अंगठा पुढे सरकवता आणि बॉल पडल्यावर उजवा अंगठा कव्हरच्या दिशेने ढकलता, दोन अंगठे दोन वेगळी कामं करतायत आणि ती दोन्ही कामं एका क्षणात जुळायला लागतात. हे जेव्हा पहिल्यांदा जुळतं ना तेव्हा जो कव्हर ड्राइव्ह निघतो तो कीबोर्डवर मारलेल्या शंभर चौकारांपेक्षा आपला वाटतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांना ते लागणार आहे. कीबोर्डचं बटण म्हणजे घरातल्या दिव्याचं बटण, एकतर चालू नाहीतर बंद. गेमपॅडची स्टिक आणि मागचे दोन ट्रिगर (तर्जनीने दाबायचे खटके) म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर, हवं तेवढं कमी-जास्त. विंडोजमध्ये एक्सबॉक्सच्या पद्धतीचा गेमपॅड लावला की प्रत्येक ट्रिगर गेमला ० ते २५५ मधला आकडा देतो, म्हणजे किती दाबलाय ते, आणि स्टिक तर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ६५ हजारांवर पायऱ्या सांगू शकते. कीबोर्डवर चार ॲरो आहेत, दोन एकत्र दाबले तर तिरक्या दिशा मिळून आठ. आठ दिशांमध्ये बॅटिंग करायची म्हणजे पॉइंट आणि कव्हर यांच्या मधली गॅप तुम्हाला कधीच सापडणार नाही. गाडीच्या गेमचं पण हेच, कीबोर्डवर स्टेअरिंग एकतर पूर्ण वळलेलं किंवा सरळ, म्हणून आपण सगळे मोस्ट वॉन्टेड खेळताना ॲरो टकटक टकटक दाबत वळण घ्यायचो आणि बरेच गेम आतून ते थोडं गुळगुळीत करून घेतात म्हणून तर गाडी रस्त्यावर राहते. फोर्झा होरायझन ५ सारखा गेम एकदा ट्रिगरवर खेळा, ओल्या रस्त्यावर अर्धाच ॲक्सिलरेटर द्यायचा म्हणजे काय ते बोटाला कळेल.

तेव्हा घ्या. पण महागडा घेऊ नका, पहिल्यांदा केबलवाला घ्या, दीड-दोन हजारात चांगला मिळतो, कॉस्मिक बाइट, रेडगिअर अशा आपल्याकडच्या ब्रँडचे पण आहेत. वहिनींना सांगा की तोच पीसी आहे, तोच गेम आहे, फक्त हातातली वस्तू बदलतेय. आणि पहिले तीन-चार दिवस शून्यावर आउट व्हाल, तेवढं सहन करा, नेट प्रॅक्टिसमध्ये फक्त फ्रंट फूट डिफेन्स करत बसा, अंगठ्यांना एकमेकांची सवय लागायला वेळ लागतो.

प्रश्न : दादा मी नववीत आहे, कराड. मला व्हॅलोरंट (ऑनलाइन गोळीबाराचा गेम) गेमपॅडवर खेळायचंय कारण माझा माउस खराब आहे आणि काकांनी गेमपॅड दिलाय. सेटिंगमध्ये ऑप्शनच सापडत नाही. कुठे असतो?

उत्तर : नसतो रे, म्हणून सापडत नाहीये. व्हॅलोरंटच्या पीसी आवृत्तीत गेमपॅड चालतच नाही, २०२४ मध्ये तो प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला तिथे चालतो, पण तिथले खेळाडू वेगळे आणि पीसीवाले वेगळे, एकमेकांसमोर येतच नाहीत. ते असं का केलं हे समजून घे. माउसवर तुझा हात जितका सरकतो तितकीच नजर सरकते, हात थांबला की नजर थांबली. स्टिकवर तसं नाही, स्टिक गेमला सांगते की किती वेगाने फिर, मग शत्रू आला की तुला स्टिक ढकलायची, बरोबर क्षणी सोडायची, पुढे गेली तर परत मागे आणायची. एका इंचाच्या आत हलणाऱ्या अंगठ्याने हे करायचं आणि समोरचा पूर्ण मनगट आणि हात वापरतोय. म्हणून कॉल ऑफ ड्यूटी किंवा फोर्टनाइटसारख्या गेममध्ये स्टिकवाल्याला एम असिस्ट देतात, म्हणजे निशाणा शत्रूजवळ गेला की गेम थोडा हात देतो. व्हॅलोरंटने ते पीसीवर दिलेलं नाही.

युट्यूबवर तुला गेमपॅडला माउस बनवून देणारे प्रोग्रॅम दिसतील, व्हॅलोरंटमध्ये त्या वाटेला जाऊ नकोस, अँटी चीट, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम, कशाला संशयाने बघेल ते आपल्या हातात नाही आणि अकाउंट गेलं तर इतक्या दिवसांची मेहनत जाते. त्यापेक्षा घरी सांगून पाचशे-सहाशेचा बरा माउस घे आणि काकांचा गेमपॅड रॉकेट लीगसाठी ठेव, तो फुकट आहे आणि गेमपॅडवर झकास चालतो. परीक्षा झाल्यावर हं.

प्रश्न : भावाने पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेतला आणि त्याचा जुना पीएस४ चा कंट्रोलर मला दिला. लॅपटॉपला केबल लावली तर चार्ज होतो पण काहीच होत नाही. ब्लूटूथने जोडला तर जोडला गेला, पण काही गेममध्ये चालतो काहीत नाही, एका गेममध्ये एकदा बटण दाबलं की मेनूत दोन ओळी पुढे जातो, आणि स्क्रीनवर ए बी एक्स वाय दिसतं जे माझ्या कंट्रोलरवर नाहीच. वैतागलोय. – पिंपरीचा एक वाचक

उत्तर : तुमच्या एका पत्रात चार वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि चारही सुटणारे आहेत, एकेक करून बघू.

पहिला प्रॉब्लेम केबलचा. घरात पडलेल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, पॉवर बँक, ट्रिमर, हेडफोन यांच्यासोबत येतात त्या, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. ज्या केबलने फोनचे फोटो लॅपटॉपमध्ये येतात तीच केबल लावून बघा. पीएस४ च्या कंट्रोलरला मायक्रो यूएसबी लागते, पीएस५ च्याला टाइप सी.

दुसरं, काही गेममध्ये चालतो काहीत नाही, हे का. विंडोजमध्ये गेमपॅडच्या दोन भाषा आहेत असं समजा. जुनी डायरेक्टइनपुट, आणि दुसरी एक्सइनपुट, जी २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत आली. त्यानंतरचे बहुतेक गेम एक्सइनपुट बोलतात, म्हणून एक्सबॉक्सचा गेमपॅड लावला की काही न करता चालतो. तुमचा प्लेस्टेशनचा कंट्रोलर ती भाषा बोलत नाही, त्याला मधे दुभाष्या लागतो. सगळ्यात चांगला दुभाष्या तुमच्याकडे असणारच, स्टीम, म्हणजे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान आणि त्याचा प्रोग्रॅम. पीएस४ च्या कंट्रोलरची सोय स्टीमने २०१६ च्या शेवटी आणली आणि आता ती खूप पक्की झालीये. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर विभागात जाऊन प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू करा, झालं. गेम स्टीमवरून घेतलेला नसेल तरी चालतं, त्या गेमची फाइल स्टीमच्या लायब्ररीत नॉन-स्टीम गेम म्हणून टाकायची आणि तिथून चालू करायची. काही वेळा दुसऱ्या दुकानाचा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मधे येऊन घोळ घालतो, तेव्हा डीएस४विंडोज नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो तुमच्या कंट्रोलरला विंडोजसमोर एक्सबॉक्सचा कंट्रोलर म्हणून उभा करतो.

आणि तिसरा प्रॉब्लेम इथेच आहे, मला जवळपास खात्री आहे की तुम्ही दोन्ही दुभाषे एकाच वेळी चालू ठेवलेत. एक बटण दाबलं की स्टीम पण सांगतंय आणि डीएस४विंडोज पण सांगतंय, गेमला दोनदा ऐकू येतं, म्हणून मेनूत दोन ओळी. एक बंद करा. एक बंद करूनही राहिलं तर गेमला खरा कंट्रोलर आणि नकली कंट्रोलर दोन्ही दिसतायत, त्यासाठी हिडहाइड (HidHide) नावाचं छोटं साधन आहे, ते खरा लपवतं. पण आधी एकच दुभाष्या ठेवून बघा, दहातल्या नऊ वेळा तेवढ्याने काम होतं.

चौथं, ए बी एक्स वाय. हे गेम बनवणाऱ्यावर आहे, काही गेममध्ये बटणांची चित्रं बदलायचा पर्याय असतो, काहीत नसतो. नसेल तर एवढं लक्षात ठेवा, खालचं क्रॉस म्हणजे ए, उजवीकडचं सर्कल म्हणजे बी, डावीकडचं स्क्वेअर म्हणजे एक्स, वरचा ट्रँगल म्हणजे वाय. आठवड्यात पाठ होतं. निन्टेन्डोचा कंट्रोलर असता तर जास्त गोंधळ झाला असता कारण त्यांच्याकडे ए उजवीकडे आणि बी खाली असतं.

एक जाता जाता, कारण दोन-तीन पत्रांत आलंय. तुम्ही स्वस्तातला गेमपॅड घेतला असेल आणि गेम ओळखत नसेल तर आधी त्याचा मोड बघा. बऱ्याच गेमपॅडमध्ये या दोन्ही भाषा असतात, मधलं होम बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो आणि दिवे वेगळे लागतात. खूप जण एवढ्यासाठी वस्तू परत करतात. आणि उलटंही होतं, फार जुना गेम फक्त डायरेक्टइनपुट ओळखतो, तिथे एक्सबॉक्सचे दोन्ही ट्रिगर एकाच काट्यावर मोजले जातात, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबले तर दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य होतात. गेमपॅड बिघडलेला नसतो, त्या काळची पद्धतच तशी होती.

प्रश्न : मला गेममधलं काही कळत नाही, पण घरात रोज भांडणं होतात म्हणून लिहितेय. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ. दोघं एकाच कीबोर्डवर दोन खेळाडूंचा गेम खेळतात, तिचं म्हणणं दादा मुद्दाम माझं बटण अडवतो, त्याचं म्हणणं मी काहीच करत नाही. दोन गेमपॅड घ्यायचे का? खर्च जास्त होईल. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी मुलाला सांगा की त्याचं बरोबर आहे आणि मुलीला सांगा की तिचंही बरोबर आहे. तिचं बटण खरंच अडतंय, पण दादा अडवत नाहीये, कीबोर्ड अडवतोय. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आतमध्ये आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष जोडली जाते. जाळीतल्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली गेली तर चौथं पण दाबलंय की काय हे कीबोर्डला कळत नाही, म्हणून तो सावधपणे एखादं बटण सोडूनच देतो. एकटा माणूस टाइप करताना हे कधी लक्षातही येत नाही, पण दोन मुलं चार हातांनी खेळतायत म्हटल्यावर मिनिटाला दहा वेळा होणार. तुम्हाला बघायचं असेल तर नोटपॅड उघडा, दोघांनी आपापली बटणं एकदम दाबून धरा, एखादं अक्षर उमटणारच नाही. हे दोघांना शेजारी बसवून दाखवा, माझ्या बहिणीकडे हे केल्यावर दोघं पोरं भांडण विसरून कुठली बटणं अडतात याची यादीच करायला बसली होती.

दोन घ्यायची गरज नाही, एकच घ्या. एकजण कीबोर्डवर, एकजण गेमपॅडवर, आणि रोज अदलाबदल, त्यात कुरकुर चालणार नाही असं आधीच ठरवून टाका. खेळायला ओव्हरकुक्ड बघा, २०१६ चा आहे, दुसरा भाग २०१८ चा, एकत्र स्वयंपाक करायचा, एकाने भाजी चिरायची, एकाने ताट लावायचं, चौघांपर्यंत खेळता येतं म्हणजे तुम्ही आणि त्यांचे बाबाही बसू शकता. यात एक फार छान सोय आहे, एकच गेमपॅड दोघांनी अर्धा अर्धा धरून पण खेळता येतं, डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. म्हणजे एका गेमपॅडमध्ये दोघांचं खरंच भागतं. लेगोचे गेमही दोघांसाठी चांगले, मधेच एकजण उठला तरी दुसऱ्याचं अडत नाही. इट टेक्स टू बद्दल तुम्हाला कुणीतरी सांगेलच, गेम अप्रतिम आहे, दोघांशिवाय खेळताच येत नाही, पण त्याची गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या आईबाबांची आहे आणि एक-दोन प्रसंग लहान मुलांना जड जातील, तेव्हा आधी तुम्ही दोघं नवराबायको खेळून बघा आणि मग ठरवा.

प्रश्न : गेमपॅड घेऊन आठ महिने झाले, आता हात न लावता माणूस आपोआप डावीकडे चालतो. रिपेअर होतं का? रत्नागिरीत कुणी हात लावायला तयार नाही.

उत्तर : याला स्टिक ड्रिफ्ट म्हणतात आणि हे महागड्या गेमपॅडलाही होतं, तेव्हा स्वस्त घेतला म्हणून झालं असं मनाला लावून घेऊ नका. बहुतेक स्टिकच्या खाली पोटेन्शिओमीटर असतो, कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी धातूची पट्टी. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची आठवतंय? तीच वस्तू, तोच आजार. पट्टा झिजतो, त्यात धूळ बसते, मग स्टिक मधोमध असली तरी खाली आकडा शून्य येत नाही.

आधी मोजून बघा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर असं शोधलं की एक छोटी खिडकी उघडते, त्यात स्टिक सोडून दिल्यावर ते क्रॉसचं चिन्ह मधोमध राहतं का बघा. थोडंच सरकत असेल तर गेममध्ये किंवा स्टीममध्ये डेडझोन वाढवा, म्हणजे मधल्या तेवढ्या भागाकडे गेमने दुर्लक्ष करायचं. पाच-दहा टक्क्यांनी भागलं तर वर्षभर खुशाल खेळा. जास्त वाढवावा लागला तर मात्र हळू चालणं, बारीक निशाणा धरणं हे सगळं हातातून जातं, म्हणजे गेमपॅड ज्यासाठी घेतला तेच गेलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब स्टिकच्या बुडाशी टाकून स्टिक गोल गोल फिरवली, नीट वाळू दिलं, तर धुळीचा ड्रिफ्ट काही महिने जातो, पण झिजेचा जात नाही. मी स्वतःच्या एका गेमपॅडवर हे तीन वेळा केलं, दोनदा उपयोग झाला आणि तिसऱ्यांदा नाही. दुकानदाराने वॉरंटीत घ्यायला नकार दिला कारण मी बिल जपून ठेवलं नव्हतं, तेव्हा बिलाचा फोटो आजच काढून ठेवा, बऱ्याच गेमपॅडवर एक वर्षाची वॉरंटी असते आणि तुमचे आठच महिने झालेत, आधी तिकडे तक्रार करा, स्वतः उघडू नका.

नवा घ्यायची वेळ आलीच तर हॉल इफेक्टची स्टिक असलेला घ्या. यात लोहचुंबक आणि सेन्सर असतो, एकमेकांना काहीच घासत नाही, म्हणून झीज नाही. हे काही आत्ताचं नवीन नाही, सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच होतं, मधल्या काळात स्वस्ताईपायी सगळ्यांनी ते सोडलं आणि आता गुलीकिट, ८बिटडू, गेमसर या कंपन्यांनी परत आणलंय. या तिघांपैकी कुठलाही घेताना त्या ठरावीक मॉडेलमध्ये हॉल इफेक्ट किंवा टीएमआर (हीपण चुंबकावर चालणारी, न घासणारी स्टिक) असं लिहिलंय का ते वाचा, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये फरक असतो. सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये अजूनही घासणारीच स्टिक आहे, एरवी ते हातात कितीही छान बसत असले तरी. कोकणातल्या हवेसाठी एक सांगतो, पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, स्टिकवरचं रबर चिकट व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : सेकंड हँड एक्सबॉक्सचा कंट्रोलर मिळतोय, विकणारा म्हणतो ब्लूटूथ आहे. फोटोवरून कसं ओळखू? – जळगाव

उत्तर : मधल्या गोल चमकणाऱ्या बटणाच्या आजूबाजूचं प्लास्टिक बघा. ते वरच्या बंपरच्या (ट्रिगरच्या वरची दोन लांबट बटणं) चकचकीत तुकड्याचाच भाग असेल तर ब्लूटूथ नाही. ते पुढच्या मोठ्या प्लास्टिकचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे, हा बदल २०१६ च्या एक्सबॉक्स वन एस सोबत आला. मधे शेअरचं छोटं बटण आणि टाइप सीचं भोक असेल तर तो २०२० नंतरचा, त्यात ब्लूटूथ असतंच. सेल दोन एए लागतात, रिचार्जेबल घ्या.

प्रश्न : मी आयटीत, हिंजवडीला. दिवसभर माउस, रात्री परत माउसवर एज ऑफ एम्पायर्स २ (गावं वसवून सैन्य लढवायचा स्ट्रॅटेजी गेम). उजवं मनगट दुखतंय. गेमपॅडवर हा गेम खेळता येईल का?

उत्तर : मनगटाचं आधी. दुखणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मी गेमपॅड सुचवून ते टाळायला मदत करणार नाही. गेमपॅडचा फायदा एवढाच की हात टेबलाच्या कडेवरून सुटतो, मागे टेकून, कोपर मांडीवर किंवा उशीवर ठेवून खेळता येतं, मनगट वाकडं राहत नाही. पण भार अंगठ्यावर जातो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं हाही एक नावाजलेला आजार आहे, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने उठा.

आता गेम. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण येईल. २०२३ च्या जानेवारीत हा गेम एक्सबॉक्सवर आला तेव्हा गेमपॅडसाठी सगळी मांडणी नव्याने केली आणि पीसीवरही ती मिळते. त्यात गावकऱ्यांना काम आपोआप वाटून देण्याची सोय आहे, लाकडाला जास्त, अन्नाला कमी असं एकदा सांगितलं की ते स्वतः जातात, प्रत्येकाला धरून झाडापाशी सोडावं लागत नाही. कॉम्प्युटरविरुद्ध, निवांत, टीव्हीला एचडीएमआय लावून सोफ्यावर बसून खेळायला खरंच मजा येते. ऑनलाइन माउसवाल्यासमोर मात्र जाऊ नका, तो तीन ठिकाणी लढेल तेवढ्यात तुमचा कर्सर गावाच्या वेशीपर्यंत पोचलेला असेल. स्ट्रॅटेजी हे माउसचं घर आहे आणि माझ्या मते राहणार.

प्रश्न : मी डब्लिनला, लहान भाऊ साताऱ्याला. लहानपणी टीव्ही गेमवर कॉन्ट्रा एकत्र खेळायचो, तसं काही आता जमेल?

उत्तर : जमेल. स्टीमवर रिमोट प्ले टुगेदर आहे, २०१९ पासून. ज्या गेममध्ये एकाच स्क्रीनवर दोघं खेळतात तो गेम तुमच्यापैकी एकाकडे असला की पुरे, दुसऱ्याला स्क्रीन इंटरनेटवरून दिसते आणि त्याच्या गेमपॅडची बटणं इकडे येतात, गेमला वाटतं दोघं शेजारीच बसलेत. इतक्या लांबून बटण दाबल्यावर थोडा उशीर जाणवणार, म्हणून कॉन्ट्रासारखा क्षणाचा गेम नको, सावकाश चालणारा, कोडी सोडवायचा गेम घ्या, आणि साताऱ्यात भावाला वायफायऐवजी राउटरला केबल लावायला सांगा, त्याने फार फरक पडतो. दोघांनी गेमपॅडच वापरा, एकजण कीबोर्डवर राहिला तर कुणाचं बटण कुठे जातंय यात अर्धा तास जाईल.

प्रश्न : गेमपॅड घेतला, कालच आला. सुरुवात कुठल्या गेमने करू? – परभणी

उत्तर : राजी : ॲन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० चा. राजी नावाची मुलगी, तिच्या धाकट्या भावाला असुरांनी पळवलंय, हातात त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन ती त्याला शोधायला निघते आणि वाटेतल्या गोष्टी आपल्याला दुर्गा आणि विष्णूच्या बोलण्यातून कळतात. गेम लहान आहे, काही तासांचा, लढाया फार कठीण नाहीत, भिंतीवरून धावणं, खांबावर गिरकी घेणं हे सगळं स्टिकवर अंगठ्याला आपोआप जमत जातं. कॅमेरा गेम स्वतः सांभाळतो म्हणून सुरुवातीला उजव्या स्टिकचं ओझं नाही, नवीन माणसाला ते फार बरं पडतं. तो झाला की हॉलो नाइट घ्या, २०१७ चा, स्वस्त आणि खूप मोठा, तिथे बोटांची खरी परीक्षा होईल. आणि दोन्ही स्टिक लागणारे गेम, म्हणजे कॅमेरा पण आपणच फिरवायचा असे, तिसऱ्या नंबरला. पहिल्या आठवड्यात बटण शोधायला खाली बघायचा मोह होईल, बघू नका, चुकीचं बटण दाबलं गेलं तरी नजर स्क्रीनवरच राहू द्या.